घर एक, संगणक एक, खाती मात्र प्रत्येकाची

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’साठी सुरक्षेचे मोफत अपडेट देणं थांबवलं. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही, त्यामुळे ही तारीख फारशी कुणाच्या लक्षातही राहिली नाही. परिणाम मात्र हळूहळू दिसू लागला. ‘विंडोज ११’ला साधारण २०१७-१८ नंतरचा प्रोसेसर आणि ‘टीपीएम २.०’ नावाची सुरक्षा चिप लागते. त्याआधीची चांगली चालती यंत्रं एका दिवसात जुनी ठरली. ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत ज्यांना हवी होती, त्यांनाही ती मिळवण्यासाठी आधी मायक्रोसॉफ्टचं खातं काढावं लागलं. मग घरात, दुकानात, दवाखान्यात, सोसायटीच्या ऑफिसात संगणक बदलणं सुरू झालं.

संगणक बदलताना पहिली काळजी असते फोटोंची. दुसरी टॅलीच्या डेटाची, तिसरी मुलांच्या प्रोजेक्टची. दुकानदार हे सगळं हार्ड डिस्कवरून उतरवून देतो, ‘झालं बघा काम’ म्हणतो आणि नवं यंत्र घरी येतं. या सगळ्यात एक प्रश्न कुणीच विचारत नाही. नव्या यंत्रावर खाती कुणाच्या नावाने उघडली? पासवर्ड कुणाला माहीत आहे? घरातल्या पाच माणसांसाठी एकच खातं का? फाइल हरवली तर ती बॅकअपमधून परत आणता येते. खात्याची मालकी हरवली तर माणसाचं बँकेतलं, शाळेतलं आणि सरकारी दप्तरातलं अस्तित्वच अडकून पडतं. म्हणून नवा संगणक घेतल्यावर सगळ्यात आधी खाती लावावीत, बाकीचं नंतर.

फाइल जशी कॉपी होते, तसं खातं का होत नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. विंडोजमध्ये खातं उघडलं की संगणक त्याला एक लांबलचक ओळखक्रमांक देतो. पडद्यावर आपल्याला ‘आई’ किंवा ‘ऑफिस’ असं नाव दिसतं, पण यंत्राच्या लेखी मालक म्हणजे तो क्रमांक. जुन्या संगणकावर ‘आई’ होती आणि नव्यावरही ‘आई’ नावानेच खातं उघडलं, तरी दोघींचे क्रमांक वेगळे. म्हणून जुनी हार्ड डिस्क नव्या यंत्राला जोडली की स्वतःचंच फोल्डर उघडताना ‘तुम्हाला परवानगी नाही’ असा निरोप येतो. लोक घाबरतात, व्हायरस आला असं समजतात. प्रत्यक्षात ॲडमिनिस्ट्रेटर खात्यातून त्या फोल्डरची मालकी नव्या खात्याकडे घेतली की काम होतं. लिनक्स आणि मॅकचीही तीच तऱ्हा. उबुंटूत पहिल्या माणसाचा क्रमांक १००० असतो, मॅकवर ५०१. एकीकडची डिस्क दुसरीकडे लावली की मालकाच्या जागी नाव न येता नुसता आकडा दिसतो.

पासवर्डांचं कोडं याहून अवघड. क्रोम ब्राउझर विंडोजवर जे पासवर्ड साठवतो, ते त्या खात्याच्या लॉगिनशी बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद केलेले असतात. क्रोमचं अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर नेलं, तरी नव्या यंत्रावर ते पासवर्ड उघडत नाहीत. ते आधी निर्यात करावे लागतात किंवा गूगल खात्याशी सिंक करावे लागतात. त्यात आणखी एक खाच आहे. जुन्या यंत्रावरच्या स्थानिक खात्याचा पासवर्ड विसरला म्हणून तंत्रज्ञाने तो जबरदस्तीने रीसेट केला, तर साठवलेले पासवर्ड आणि विंडोजच्या सोयीने कूटबद्ध केलेल्या फाइली कायमच्या बंद होऊ शकतात. म्हणून जुनं यंत्र चालू आहे, त्यात लॉगिन होतं आहे, तोवरच ही निरवानिरव करून घ्यावी. यंत्र मोडल्यावर किंवा विकल्यावर आठवून उपयोग नसतो.

एका यंत्रावर अनेकांनी काम करायचं, पण प्रत्येकाचं दप्तर वेगळं ठेवायचं, ही गरज घरगुती संगणकापेक्षा जुनी आहे. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६१ साली फर्नांडो कोर्बातो यांच्या गटाने एकच मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा अशी व्यवस्था उभी केली. प्रत्येकाच्या फाइली प्रत्येकाकडेच राहाव्यात म्हणून तिथे पासवर्ड आला. यंत्र महाग होतं आणि ते वाटून घ्यावं लागत होतं, म्हणून खाती जन्माला आली. पुढे संगणक स्वस्त झाले, प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र यंत्र येईल असं गृहीत धरलं गेलं. पण महाराष्ट्रातल्या ज्या घरांत लॅपटॉप आहे, तिथे आजही अनेकदा तो एकच असतो आणि तो सगळे वापरतात.

पुण्याच्या येरवड्यात हे फार स्पष्ट दिसतं. सम्राट अशोक पथाजवळ कॉमरझोनच्या काचेच्या इमारती आहेत, डॉन बॉस्को शाळेकडे पंचशील टेक पार्क आहे. अशा ठिकाणी नवा माणूस कामावर रुजू झाला की त्याला लॅपटॉपबरोबर स्वतःच्या नावाचं खातं मिळतं. ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार आयटी विभागाकडे राहतात. यंत्र बदललं की खातं त्या माणसामागे नव्या यंत्रावर येतं आणि नोकरी सोडली की त्याच दिवशी बंद होतं. कुणी कुणाचा पासवर्ड मागत नाही, मागितला तर ती शिस्तभंगाची बाब ठरते. त्याच येरवड्यात नेताजीनगर, मदर तेरेसानगर, नागपूर चाळ, भाटनगर आहे. रोज सकाळी या वस्त्यांतून अनेक जण त्याच इमारतींत हाउसकीपिंगला, सिक्युरिटीला, कॅन्टीनला आणि आता डेटा एंट्रीलाही जातात. त्यांच्या घरातल्या लॅपटॉपवर मात्र सगळ्या कुटुंबाचं एकच खातं असतं, तेही बहुधा पासवर्डशिवाय.

या वस्त्यांचा एक इतिहास इथे महत्त्वाचा आहे. केंद्राच्या जेएनएनयूआरएम अभियानातल्या ‘बीएसयूपी’ योजनेतून येरवड्यातल्या अनेक वस्त्यांत कच्ची घरं जागच्या जागी पक्की बांधली गेली. लोकांना लांब कुठे इमारतींत नेऊन टाकायचं नाही, गल्ली, शेजार आणि रोजगार तसाच ठेवून घर बांधायचं, हा इथल्या कामाचा गाभा होता. ‘महिला मिलन’ या महिलांच्या संघटनेतल्या बायका आणि ‘स्पार्क’ ही संस्था त्यात होती, आणि आराखडे वास्तुविशारद प्रसन्न देसाई यांच्या कार्यालयाने केले. घर २७० चौरस फुटांचं. नकाशे ठरताना बायकांनी संडास कुठे हवा, ओटा कुठे हवा, जिना कुठून न्यायचा यावर हक्काने मत दिलं. देशभर या कामाची चर्चा झाली, ती योग्यच होती.

आता २७० चौरस फुटांत चार-पाच माणसं राहतात, तिथे प्रत्येकाला खोली देता येत नाही. बारावीतल्या मुलीला अभ्यासाचं टेबलही मिळेलच असं नाही. पण संगणकात तिला तिची स्वतःची जागा देता येते. त्याला एक रुपया लागत नाही, एक इंच भिंत लागत नाही. ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन नवं खातं उघडायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात. त्या खात्यात तिच्या नोट्स, तिचे अर्ज, तिने वाचलेलं, तिने शोधलेलं आणि तिचं ईमेल राहतं. भाऊ गेम खेळायला बसला तरी तिचं काम हलत नाही. घराच्या भिंती वाढवता येत नसतील, तर जे वाढवता येतं ते आधी वाढवावं. येरवड्यासारख्या ठिकाणी स्वतंत्र खात्याकडे चैनीची बाब म्हणून बघता येणार नाही. घराचा नकाशा ठरवताना बायकांनी जो हक्क बजावला, त्याच हक्काचा हा पुढचा भाग आहे.

यावर ठरलेला आक्षेप येतो: ‘आपल्याच घरात काय लपवायचंय?’ हा प्रश्न विचारणारा माणूस बहुतेक वेळा घरातला तो सदस्य असतो, ज्याचा मोबाइल लॉक असतो. लपवण्याचा मुद्दाच नाही. एकाच खात्यात सगळे बसतात तेव्हा काय होतं ते पाहा. वडिलांच्या बँकेचा पासवर्ड ब्राउझरने साठवलेला असतो आणि तो आपोआप भरला जातो, मग समोर बसलेला मुलगा असो की त्याचा मित्र. मुलाने ‘फुकट’ गेम म्हणून काहीतरी उतरवलं, तर त्या घातक फाइलला आईच्या, आजोबांच्या, सगळ्यांच्या कागदपत्रांचा रस्ता एकदम मोकळा होतो. बायकोचं व्हॉट्सॲप वेब उघडंच राहिलं तर तिच्या माहेरच्या गप्पा कुणीही वाचतो. ज्या घरात नवरा संशयी असतो, तिथे एवढी गोष्ट मारहाणीपर्यंत जाऊ शकते. मुलीला पाळीबद्दल, आजाराबद्दल किंवा छेडछाडीची तक्रार कुठे करायची याबद्दल काही शोधायचं असेल, तर ती शोधतच नाही, कारण शोधलेलं सगळ्यांना दिसतं. माहिती दोन बोटांच्या अंतरावर असून तिला हात लावायची भीती वाटावी, हे घराला शोभणारं नाही.

लहान मुलांचं वेगळं. तिथे पालकांचं लक्ष हवंच. विंडोज, गूगल आणि ॲपल या तिघांनीही पालकांच्या खात्याला जोडलेलं मुलाचं खातं उघडण्याची सोय ठेवली आहे. वेळ ठरवता येते, ॲप घेण्याआधी परवानगी मागितली जाते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने तर अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती बंधनकारक केली आहे. त्या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. मूल वडिलांच्या खात्यातूनच सगळीकडे फिरत असेल, तर समोरच्या कंपनीच्या लेखी तिथे बालक नसतंच, चाळीस वर्षांचा माणूस असतो. मग हे संरक्षण त्या मुलाला मिळणार कसं?

खरी मेख बसते ती दुकानात. नव्या विंडोजमध्ये जे पहिलं खातं उघडलं जातं, ते ॲडमिनिस्ट्रेटर होतं. यंत्रावरचा सर्वाधिकार त्याच्याकडे. घरगुती विंडोज ११ सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं जातं. गिऱ्हाइकाकडे ईमेल नसतं, असलं तर पासवर्ड आठवत नसतो आणि दुकानात गर्दी असते. मग दुकानातला मुलगा स्वतःचं ईमेल टाकतो, किंवा जागच्या जागी काहीतरी नाव रचून नवं खातं काढतो, ज्याचा पासवर्ड दोन दिवसांनी त्यालाही आठवत नाही. त्यात वाईट हेतू नसतो. पण त्या क्षणी पन्नास हजारांच्या यंत्राची मालकी गिऱ्हाइकाकडून निसटलेली असते.

याचा फटका कधी बसतो, ते कळायला हवं. २०२४ च्या अखेरीस आलेल्या विंडोज ११ च्या आवृत्तीपासून बहुतेक नव्या यंत्रांवर डिस्क आपोआप कूटबद्ध होते. लॅपटॉप चोरीला गेला तरी आतलं कुणाला वाचता येऊ नये, यासाठीची ही चांगली सोय आहे. ते कुलूप उघडण्याची ४८ अंकी किल्ली मात्र त्या पहिल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बसते. एरवी तिची गरज पडत नाही. मदरबोर्ड बदलला किंवा बायोसमध्ये काही बदल झाला की संगणक सुरू होताना निळ्या पडद्यावर तीच किल्ली मागतो. ज्या खात्यात ती आहे ते खातं दुकानातल्या मुलाचं असेल आणि तो मुलगा वर्षभरापूर्वी नोकरी सोडून गेला असेल, तर मुलीचा प्रबंध, बाळाचे फोटो, दुकानाची बिलं, सगळं समोर असून हाती लागत नाही. मायक्रोसॉफ्टही ती किल्ली तयार करून देऊ शकत नाही. यंत्र घेतल्यावर आठवड्याच्या आत स्वतःच्या खात्यात शिरून ती किल्ली शोधावी, कागदावर उतरवावी आणि रेशनकार्ड, घराचे कागद जिथे असतात तिथे ठेवावी.

दुसरी शिस्त सोपी आहे, पण फार कमी लोक पाळतात. ॲडमिनिस्ट्रेटर खातं घरातल्या एका जबाबदार माणसाकडे वेगळं ठेवायचं आणि रोजच्या कामासाठी सगळ्यांनी, त्या माणसानेसुद्धा, साधं खातं वापरायचं. साध्या खात्यातून काही नवं बसवायचं झालं की यंत्र थांबतं आणि ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागतं. तेवढ्या थांबण्याने कितीतरी अनर्थ टळतात. तो जबाबदार माणूस पुरुषच असावा असा नियम नाही. बचत गटाचा हिशेब चोख ठेवणारी बाई हे काम उत्तम करते.

वापरलेल्या लॅपटॉपचा बाजार पुण्यात मोठा आहे आणि तो वाढतो आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. कंपन्या तीन-चार वर्षांनी यंत्रं बदलतात, ती दुरुस्त होऊन कमी किमतीत विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतात. पण घेताना एक परीक्षा दुकानातच करून पाहावी. यंत्र पूर्ण रीसेट करायला लावावं आणि इंटरनेट जोडून सुरुवातीपासून चालू करून बघावं. काही यंत्रं कंपनीच्या व्यवस्थापन प्रणालीत नोंदलेली असतात आणि ती नोंद काढायची राहून गेलेली असते. असं यंत्र इंटरनेटला जोडलं की पहिल्याच पडद्यावर जुन्या कंपनीचं लॉगिन मागतं. मॅकवर आधीच्या मालकाच्या ॲपल खात्याचं कुलूप तसंच राहिलेलं असू शकतं. ही कुलपं हार्ड डिस्क पुसल्याने जात नाहीत, ती जुन्या मालकानेच काढावी लागतात. पैसे मोजल्यावर हे कळलं तर दाद मागत फिरावं लागतं.

छोट्या धंद्यात या प्रश्नाचे पैशात हिशेब होतात. टॅली नव्या यंत्रावर न्यायचं तर डेटाचं फोल्डर कॉपी करून भागत नाही. जुन्या यंत्रावर लायसन्स आधी ‘सरेंडर’ करावं लागतं, मगच ते नव्यावर चालू होतं. त्यासाठी लागणारं टॅलीचं खातं अनेक दुकानांत अकाउंटंटच्या ईमेलवर असतं. अकाउंटंट बदलला की दुकानदार दुसऱ्याच्या दारात उभा. टॅलीतला डेटा कुलूपबंद करणाऱ्या ‘टॅलीव्हॉल्ट’चा पासवर्ड विसरला तर तो परत मिळतच नाही. डिजिटल सहीचा टोकन हा तर त्याहून नाजूक विषय. ती यूएसबी म्हणजे कायद्याच्या दृष्टीने मालकाची सही. नव्या संगणकावर तिचा ड्रायव्हर बसवला की ती चालते, खातं हलवावं लागत नाही. पण कर सल्लागारांच्या कार्यालयांत डझनभर अशिलांचे टोकन आणि त्यांच्या पिनचे कागद एकाच ड्रॉवरमध्ये ठेवण्याची जी पद्धत पडली आहे, ती मोडायला हवी. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही किंवा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-क कलमाखाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाखापर्यंत दंड आहे. सोयीसाठी ड्रॉवरमध्ये ठेवलेला टोकन उद्या कुणाच्या हाती लागेल, हे मालकाच्या हातात उरत नाही.

सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांची अवस्था यापेक्षा वेगळी नाही. सोसायटीचं ईमेल कधीकाळी एका सेक्रेटरीने स्वतःचा मोबाइल नंबर टाकून काढलेलं असतं. पाच वर्षांनी कमिटी बदलते, ऑफिसचा संगणकही बदलतो आणि नव्या कमिटीला लॉगिन मिळत नाही, कारण ओटीपी जुन्या सेक्रेटरींच्या फोनवर जातो. ते आता मुलाकडे परदेशात असतात किंवा त्यांचं नव्या कमिटीशी पटत नाही. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात जुन्या पदाधिकाऱ्यांनी दप्तर आणि मालमत्ता नव्यांच्या हवाली करण्याची तरतूद आहे. दप्तर म्हणजे लोखंडी कपाटातल्या वह्या, एवढाच अर्थ आजवर लावला गेला. ईमेल, ड्राइव्ह, बँकेचं ऑनलाइन लॉगिन आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं ॲडमिन खातं यांची नोंद चार्ज देण्या-घेण्याच्या यादीत सहीनिशी झालीच पाहिजे. सहकार खात्याने तसा नमुना काढावा. तो एका पानात मावेल.

मराठी माणसाला आणखी दोन अडचणी येतात, ज्या बाहेरच्या मार्गदर्शनात सापडत नाहीत. खातं उघडताना नाव देवनागरीत लिहिलं की स्थानिक खात्याचं फोल्डरही देवनागरी नावाचं बनतं आणि काही जुनी सॉफ्टवेअर त्या फोल्डरपाशी अडखळतात. यावर उपाय असा की खातं उघडताना नाव रोमन लिपीत द्यावं आणि नंतर पडद्यावर दिसणारं नाव मराठीत करून घ्यावं. त्याने फोल्डरचं नाव बदलत नाही, आणि आपलं नाव आपल्या लिपीत दिसतं. दुसरी अडचण फाँटची. श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेली लग्नपत्रिका किंवा स्मरणिका नव्या यंत्रावर उघडली की भलतीच अक्षरं दिसतात. डीटीपी करणाऱ्यांनी यंत्र बदलण्याआधी, जुन्यावर सॉफ्टवेअर चालू असतानाच, महत्त्वाचा मजकूर युनिकोडमध्ये करून ठेवावा.

मोबाइल नंबरचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे, कारण आज बहुतेक सगळी खाती शेवटी तिथेच जाऊन टेकतात. ई-सेवा केंद्रात गर्दीच्या दिवशी अर्जदाराकडे फोन नसतो, रिचार्ज संपलेलं असतं, म्हणून केंद्रचालक स्वतःचा नंबर किंवा ईमेल टाकून अर्ज पुढे ढकलतो. त्या दिवशी काम होतं. पुढच्या वर्षी शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर किंवा अकरावीच्या केंद्रीय ऑनलाइन प्रवेशात, जो २०२५-२६ पासून राज्यभर लागू झाला, लॉगिन करायची वेळ येते तेव्हा विद्यार्थी पुन्हा त्याच काउंटरवर जातो. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीत महिलेबरोबर तिच्या पतीच्या किंवा वडिलांच्या आधारचाही ओटीपी मागितला गेला आणि ज्यांचा जुना नंबर बंद होता त्यांची धावपळ झाली. बंद झालेला नंबर कायम मोकळा राहत नाही, हेही अनेकांना ठाऊक नसतं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की तो किमान ९० दिवस कुणाला दिला जात नाही. याचा अर्थ, त्यानंतर तो नव्या माणसाकडे जाऊ शकतो आणि तुमच्या खात्यांचे ओटीपी त्याच्या फोनवर वाजू शकतात.

घरातलं माणूस गेल्यावर काय, हा प्रश्न काढायला लोक कचरतात. वडिलांचा संगणक मुलाकडे येतो, त्यात वडिलांचं ईमेल उघडं असतं, पण पासवर्ड कुणाला माहीत नसतो. जुना संगणक फॉरमॅट केला की ते ईमेलही जातं. गूगल दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून बंद करून पुसून टाकतं आहे. याच गूगलमध्ये ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. ठरावीक काळ खातं वापरलं गेलं नाही तर त्यातली माहिती कुणाला द्यायची, हे आधीच लिहून ठेवता येतं. २०२३ च्या विदा कायद्यानेही आपल्या माहितीविषयीचे हक्क आपल्यामागे बजावण्यासाठी व्यक्ती नेमण्याचा अधिकार दिला आहे. बँकेत नॉमिनी भरताना कुणाला अपशकुन वाटत नाही, मग इथेही वाटण्याचं कारण नाही.

उरलं जुनं यंत्र. त्यावरची सगळी खाती साइन आउट करणं, गूगल आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्यांतून ते यंत्र काढून टाकणं, मोबाइलवरच्या व्हॉट्सॲपमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये जाऊन जुना संगणक तोडणं आणि शेवटी डिस्क पूर्ण पुसून रीसेट करणं, एवढं झाल्याशिवाय ते कुणाला देऊ नये. पण पुसण्याची घाई नको. नव्यावर महिनाभर काम करून, काही राहिलं नाही याची खात्री झाल्यावरच पुसावं. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था ई-कचराही गोळा करते. हे काम करणाऱ्या बायका आपल्यासाठी धोक्याच्या वस्तू हाताळतात. त्यांच्या हाती उघडी बँक खाती असलेली डिस्क देऊन त्यांना विनाकारण संशयाच्या भोवऱ्यात टाकण्याचा कुणाला अधिकार नाही.

या प्रश्नावर शहाणपण प्रत्येक घरावर सोडून चालणार नाही. संगणक विकणाऱ्या प्रत्येक दुकानाने बिलाबरोबर एक कागद द्यावा: यंत्रावरचं पहिलं खातं कुणाच्या ईमेलने उघडलं, ते गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिलं की नाही आणि कूटबद्धतेची किल्ली कुठे आहे. स्वतःच्या ईमेलने गिऱ्हाइकाचं यंत्र चालू करणं दुकानांनी आजपासून थांबवावं. सरकारी पोर्टलांनी अर्जदाराचा नंबर बदलण्याची वाट सोपी करावी आणि एकाच नंबरावर शेकडो अर्जदार दिसले की त्यांना स्वतःहून कळवावं. २००१ पासून महाराष्ट्रात संगणक साक्षरतेचं मोठं जाळं उभं करणाऱ्या एमकेसीएलने एमएस-सीआयटीच्या वर्गात ‘खातं माझं, किल्ली माझी’ असा एक पूर्ण तास घ्यावा आणि त्यात प्रत्येक विद्यार्थ्याकडून आपल्या घरच्या संगणकाची खाती लावून घ्यावीत. येरवड्यातल्या टेक पार्कांतल्या कंपन्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चातून वस्त्यांना संगणक देतात तेव्हा त्यांनी त्यांच्याकडची ही शिस्तही सोबत द्यावी. त्यांच्या आयटी विभागातली चार माणसं दोन शनिवार नेताजीनगरच्या समाजमंदिरात बसली, तर कितीतरी घरांतली खाती मार्गी लागतील.

आणि वाचकांना एवढीच विनंती की मोबाइल नंबर बदलायचा असेल तर आधी आधार, बँक, गूगल आणि मायक्रोसॉफ्टवर नवा नंबर नोंदवा, तो चालतो हे एकदा लॉगिन करून पाहा आणि मगच जुनं सिम बंद करा.